'क्रमशः' लिहिण्याआधी: चित्रमालिकेचा शेवट किती ठरवायचा, किती मोकळा सोडायचा

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, बाजाराला भोवतालच्या दहा-बारा खेड्यांतली माणसं येतात आणि माझं झेरॉक्सचं दुकान नेमकं बाजाराच्या वाटेवर आहे. सातबारा, आधार, पासबुक, पीकविम्याचे कागद, असं सगळं घेऊन रांग लागते. रांगेतल्या माणसाला वाचायला काहीतरी असावं म्हणून मी शटरशेजारच्या भिंतीवर दर मंगळवारी चित्रकथेचं एक पान लावायला लागले. सहा चौकटी आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'क्रमशः'.

माझ्या पहिल्या मालिकेत जुनं घर पाडताना एक लोखंडी पेटी सापडते. पेटीला कुलूप. आत काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. पुढं सुचेल, असं धरून चालले. पाचव्या आठवड्यात पेटीतून खुडखुड आवाज आला. आठव्या आठवड्यात ती चार माणसांना उचलेना. बाराव्या आठवड्यात तिच्यातून मोगऱ्याचा वास सुटला. मंगळवारची गर्दी वाढत गेली आणि माझी सोमवारची झोप उडत गेली. एकोणिसाव्या पानावर पेटी उघडणं भागच होतं. आवाज, वजन आणि वास, तिन्हींना पुरेल अशी एकही वस्तू मला सापडली नाही. शेवटी आत जुनी पत्रं निघाली. शेजारचे शिंपीकाका पान वाचून दुकानात आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, त्याच्यात काय हाय ते तुमालेच मालूम नोतं न?"

त्यानंतरचे तीन बाजार ते भिंतीकडे न बघता गेले. ते मला आजही लागतं. सहज थाप मारून फसवलेला वाचक रागावतो आणि विसरतो. ज्यानं एकोणीस आठवडे जीव लावून वाट पाहिली, तो गप्प होतो.

दुसरी मालिका सुरू करण्याआधी मी बराच विचार केला आणि पुढं ज्या पायऱ्या देते आहे त्या तिथून आल्या. तुम्ही वहीवर काढत असा, शाळेच्या फलकावर लावत असा की मोबाइलवरून गावच्या ग्रुपवर पाठवत असा, हप्त्याहप्त्यानं कथा सांगायची म्हटलं की अडचण एकच असते: गेलेलं पान परत घेता येत नाही. कादंबरी लिहिणारा तिसाव्या प्रकरणात अडकला तर तिसऱ्यात जाऊन दुरुस्ती करतो. आपलं तिसरं पान लोकांनी कधीच वाचलेलं असतं.

पायरी १: तुमची कथा संपणारी आहे का, ते आधी पाहा

रोजच्या विनोदी पट्टीला शेवट लागत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आला. त्याची प्रत्येक पट्टी तिथल्या तिथं पुरी होते, कालची वाचली नसली तरी आजची कळते. तुम्हाला असं काही करायचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, पात्रं घडवण्यावर वेळ घाला.

पण पान संपताना वाचकाच्या तोंडून "मंग?" निघावं, अशी तुमची इच्छा असेल तर लांबी ठरवा. नवख्यानं पहिली मालिका आठ ते बारा पानांची करावी, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याला एक पान धरलं तर बारा पानं म्हणजे तीन महिने. तेवढ्यात शेवट गाठण्याचा अनुभव मिळतो, आणि तोच बहुतेकांना कधी मिळत नाही. सुरुवातीचे अनुभव सगळ्यांकडे असतात. दुसरी मालिका चोवीस पानांची करा. अंदाज फुगतोच, हेही धरून चला. जपानचे एइचिरो ओदा यांनी १९९७ मध्ये 'वन पीस' ही चित्रमालिका सुरू केली तेव्हा पाच वर्षांत संपेल असा त्यांचा हिशेब होता; पाव शतक उलटून गेलं तरी ती चालू आहे. त्यांच्यामागं मोठं साप्ताहिक आणि मदतनीस आहेत. आपल्यामागं घर, वावर आणि दुकान आहे.

पायरी २: शेवटची चौकट सगळ्यात आधी काढा

शेवटची घटना लिहू नका, शेवटची चौकट काढा. आगपेटीएवढी, कच्ची, पेन्सिलची चालेल. त्यात कोण उभं आहे? कुठं? हातात काय आहे? पहिल्या पानावर जे होतं त्यातलं आता काय नाही? एवढं दिसलं की पुरे. ही चौकट वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा आणि कोणाला दाखवू नका.

माझ्या दुसऱ्या मालिकेचं उदाहरण घेऊ. सातवीतली सोनी, तिचे आबाजी, आणि लाल्या-कवड्या ही बैलजोडी. पोळ्याच्या आदल्या रात्री कवड्या गोठ्यातून नाहीसा होतो. पूर्ण कथा तीन दिवसांची: खांदेमळणीचा दिवस, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांचा पोळा. मी पहिली काढलेली चौकट अशी होती: तान्ह्या पोळ्यात सोनी लाकडी बैल ओढत चालली आहे, त्या लाकडी बैलाचं डावं शिंग मोडकं आहे, अगदी कवड्याच्या शिंगासारखं, आणि मागं ओट्यावर आबाजी बसलेले आहेत. बोलण्याचा फुगा नाही, शब्द नाही.

या एका चौकटीनं मला किती सांगितलं ते पाहा. खरा कवड्या परत येत नाही. लाकडी बैल आबाजींनी स्वतः घडवला आहे, म्हणजे ते काहीतरी भरून द्यायला बघत आहेत. म्हणजे कवड्या त्यांनीच विकला. आणि सोनीला ते कळलेलं आहे, तरी ती बैल ओढते आहे. मी घटना ठरवायला बसले असते तर चोर, पाठलाग, पोलीस पाटील असलं काहीतरी सुचलं असतं. चित्रातून जे आलं ते माझ्या ओळखीच्या घरांतलं होतं.

शेवट सुचतच नसेल तर? मग पहिल्या चौकटीकडून या. पहिल्या पानावर तुमचं पात्र जी गोष्ट धरून बसलं आहे, ती शेवटी त्याच्या हातात आहे की सुटली, एवढंच ठरवा. बाकी नंतर.

पायरी ३: वाचकाला कोणता प्रश्न विचारला, तो एका ओळीत लिहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा.

प्रत्येक क्रमशः कथेत दोन प्रश्न असतात. एक वरचा, जो रांगेतला माणूस मोठ्यानं विचारतो: कवड्या कुठं गेला? दुसरा आतला, जो कोणी विचारत नाही पण ज्याच्यासाठी सगळे परत येतात: आबाजी नातीला खरं सांगू शकतील का? वरचा प्रश्न कथेच्या मध्यापर्यंत किंवा दोन-तृतीयांशापर्यंत सुटला तरी चालतो. आतला प्रश्न शेवटच्या पानापर्यंत उघडा राहायला हवा. पेटीच्या कथेत माझ्याकडं फक्त वरचा प्रश्न होता, 'आत काय आहे'. त्यामागं कोणाचंही मन नव्हतं, म्हणून आत सोनं निघालं असतं तरी लोक तसेच गेले असते.

हिरोमु अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही जपानी मासिक चित्रमालिका २००१ ते २०१० चालली, १०८ भाग. दोघा भावांनी आपलं शरीर कसं गमावलं आणि त्यांना ते परत का हवं आहे, हे सुरुवातीलाच वाचकासमोर येतं. नऊ वर्षांत युद्धं, कटकारस्थानं, पन्नास पात्रं येऊन गेली, तरी शेवटचा भाग त्याच सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशेब चुकता करतो. एवढी लांब मालिका एकसंध वाटते त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

शेवट माहीत असल्याचा सगळ्यात मोठा फायदा शेवटी कळत नाही, दुसऱ्याच पानावर कळतो. खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या दुसऱ्या पानावर आबाजी लाल्याचे खांदे मळतात आणि आवतण देतात. मग कवड्याकडं जातात. त्याचेही खांदे मळतात, जास्त वेळ मळतात. पण आवतण देत नाहीत. त्या चौकटीत मी फुगाच ठेवला नाही. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, येऊ नये असंच काढलं होतं. कवड्या उद्या जेवायला नसणार हे मला माहीत होतं म्हणून ती रिकामी जागा सोडता आली. न ठरवता काढत गेले असते तर सवयीनं दोन्ही बैलांना आवतण देऊन मोकळी झाले असते.

म्हणून शेवट ठरल्यावर पहिल्या पाच पानांत अशा दोन-तीन खुणा पेरा. जास्त नकोत. खूण म्हणजे नवीन वस्तू आणायची नसते. रोजच्या रिवाजातली एक गोष्ट गाळा, किंवा एक गोष्ट जरा जास्त वेळ दाखवा.

पायरी ४: मधे तीन खुणेचे दगड रोवा

पूर्ण आराखडा करू नका. चोवीस पानांसाठी तीन जागा पुरतात. माझ्या वहीत एवढंच होतं: सहाव्या पानावर सोनीला गोठ्याबाहेर गाडीच्या चाकांचे ठसे दिसतात, तेराव्या पानावर ती आबाजींना पहिल्यांदा खोटं बोलताना पकडते, विसाव्यावर तिला खरं कळतं. मधल्या पानांसमोर मी काही लिहिलं नव्हतं.

पायरी ५: मधली पानं मोकळी सोडा, आणि खरंच मोकळी सोडा

शेवट ठरवणाऱ्या माणसाला एक रोग लागतो. त्याला शेवटाची घाई होते. पात्रं बोलत नाहीत, नुसती शेवटाकडं चालत सुटतात. वाचकाला ते दोन पानांत कळतं.

आपल्याकडं याचं सगळ्यात मोठं उदाहरण चित्रकथेबाहेर आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ते कीर्तन पाठ केलेलं नसायचं. ते समोरच्या लोकांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. रस्ता त्या रात्रीच्या माणसांवर ठरायचा. पण कुठं पोचायचं ते बाबांच्या मनात पक्कं होतं: कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढं जनावर कापू नका, पोरांना शाळेत घाला. ऐकणाऱ्याला वाटायचं की हे आपणच बोलून काढलं. क्रमशः लिहिणाऱ्यानं या पद्धतीचा मनापासून अभ्यास करावा असं मला वाटतं.

माझ्याकडं हे असं घडलं. नवव्या पानावर पोळ्याच्या गर्दीत एक म्हातारा झडती, म्हणजे पोळ्यात मोठ्यानं म्हणायचं कवन, म्हणताना काढला होता, गर्दी भरायची म्हणून, एकाच चौकटीत. नाव दिलं किसनबुवा. पुढच्या बाजाराला तिघा-चौघांनी विचारलं, "तो बुढा पुढच्या खेपेले येईन का?" एक शेतकरी फेरफाराची नक्कल काढायला आले होते, त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या मला दोन जुन्या झडत्या म्हणून दाखवल्या, अगदी शेवटच्या "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव"पर्यंत. दुकानातली सगळी माणसं "महादेव" म्हणाली. मी अकरावं पान पूर्ण किसनबुवाला दिलं.

आणि त्यातून माझी अडचण सुटली. विसाव्या पानावर सोनीला खरं कसं कळणार, यासाठी मी आबाजींच्या खिशात विक्रीची पावती ठेवणार होते. पावती म्हणजे लेखकाला सोयीची वस्तू, जिवंत काही नाही. झडतीत मात्र गावातल्या गोष्टींवर टोमणे मारायची रीतच आहे. किसनबुवा तोरणाखाली उभा राहून रात्री आलेल्या गाडीवर झडती रचतो, लोक हसतात, आणि गर्दीत एकट्या आबाजींची मान खाली जाते. सोनी ती मान बघते. हे मी घरी बसून ठरवू शकले नसते. पण शेवट ठरलेला नसता तर किसनबुवा मला कुठल्या कुठं घेऊन गेला असता, हेही तितकंच खरं आहे; मला तो इतका आवडायला लागला होता की त्याच्यावरच वेगळी कथा सुरू करावी असं दोनदा मनात आलं.

म्हणजे पात्र, बोलणं, वाट आणि विनोद वाचकांबरोबर घडू द्या. शेवटची चौकट आणि आतला प्रश्न स्वतःकडं ठेवा.

आता, शेवट अजिबात न ठरवता लिहिणारे मोठे लोक आहेत, आणि त्यांचं नाव घेऊन नवखे माझ्याशी वाद घालतात. जपानचे अकिरा तोरियामा यांनी 'ड्रॅगन बॉल' ही चित्रमालिका १९८४ ते १९९५ दर आठवड्याला काढली, ५१९ भाग, आणि पुढचं फार लांबचं ठरवत नव्हतो असं ते स्वतः सांगत. पण त्यांची पानं जवळून बघा. एक लढाई सुरू झाली की ती संपते, तिचा निकाल लागतो, मगच पुढचं संकट येतं. जुनं उघडं ठेवून नवं उघडत नाहीत. दुसरं म्हणजे, नवीन काही हवं असेल तर ते आधी काढलेल्या पानांत शोधतात. नायकाला पहिल्या भागापासून शेपूट होती. तो परग्रहावरचा आहे हे काही वर्षांनी आलं आणि शेपटीला अर्थ मिळाला. तुम्हाला न ठरवता लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण या दोन सवयी लावून घ्या. एका वेळी एकच गाठ, आणि नवी गाठ जुन्याच दोराला.

पायरी ६: देण्याघेण्याची वही ठेवा

किराणा दुकानात उधारीची वही असते तशी. डाव्या बाजूला पान क्रमांक आणि त्या पानावर वाचकाला काय दाखवून ठेवलं ते. उजव्या बाजूला ते कोणत्या पानावर फेडलं. "पान ६, चाकांचे ठसे" समोर "पान २०, किसनबुवाची झडती". जे उजवीकडं रिकामं आहे ते तुमच्यावरचं देणं. शेवट चार पानांवर आला आणि उजवीकडं तीनपेक्षा जास्त जागा रिकाम्या असतील तर एखादं पान वाढवा, किंवा एकाच प्रसंगात दोन देणी फेडा.

पात्रांची माहितीही त्यातच लिहा. कवड्याचं कोणतं शिंग मोडकं? डावं. मी सातव्या पानावर उजवं काढलं होतं आणि एका गुराखी पोरानं पकडलं. त्याच्यासमोर पान उतरवून सुधारलं.

आयत्या वेळी सुचवून लिहिणाऱ्याला वाटतं की वही फक्त आराखडेवाल्यांना लागते. उलट आहे. ज्याला शेवट माहीत आहे तो एखादी खूण विसरला तरी दिशा चुकत नाही. ज्याला माहीत नाही, त्याची सगळी पुंजी म्हणजे मागं काढलेली पानं. ती नीट लिहून ठेवली नाहीत तर हातात काहीच उरत नाही.

पायरी ७: अडकलात तर नवीन गूढ आणू नका

सोमवारची रात्र, उद्या बाजार, पान कोरं. अशा वेळी सगळ्यात सोपा मोह म्हणजे एक अनोळखी माणूस दारात उभा करायचा आणि 'क्रमशः' लिहायचं. पेटीच्या वेळी मी तीनदा हेच केलं. प्रत्येक नवीन गूढ म्हणजे वाचकाकडून घेतलेलं नवीन कर्ज.

त्याऐवजी वही उघडा, उजवीकडची रिकामी जागा शोधा आणि तिच्यातली सगळ्यात लहान गोष्ट फेडा. तेही नसेल तर दोन पात्रांना एका ठिकाणी बसवून जेवू द्या. माझं पंधरावं पान असंच झालं: सोनी आणि आबाजी पुरणपोळीचं ताट समोर घेऊन बसले आहेत, आबाजी पोळीचा तुकडा मोडतात आणि ठेवून देतात. कथा तिळभर पुढं गेली नाही. पण त्या पानासमोर बायका सगळ्यात जास्त वेळ थांबल्या.

टिनटिन या बातमीदार पोराच्या चित्रकथा काढणारे बेल्जियमचे हर्जे यांनी १९२९ मध्ये सुरुवात केली तेव्हा तेही आठवड्यापुरतंच बघत. नायकाला संकटात टाकायचं आणि पुढच्या अंकात सोडवायचं. १९३४ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लू लोटस' या टिनटिन कथेच्या वेळी चांग चोंग-जेन या चिनी विद्यार्थ्याशी मैत्री झाली आणि तिथून त्यांचं काम बदललं, आधी अभ्यास, आधी तयारी. सुरुवातीची वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. आठवड्याच्या शेवटी वाचकाला कसं अडकवून ठेवायचं, ते त्याच वर्षांत त्यांच्या हातात बसलं.

पायरी ८: कोणी शेवट ओळखला तर

चौदाव्या पानाला आठवीतली एक मुलगी बोनाफाइडची प्रत काढायला आली आणि जाता जाता म्हणाली, "आबाजीनंच इकला बैल." माझ्या पोटात गोळा आला. घरी जाऊन मी चोराची कथा कशी बसवता येईल ते बघायला लागले, दोन रात्री त्यात घालवल्या.

मग वहीतल्या खुणा वाचल्या. चोर आणला असता तर दुसरं, सहावं, तेरावं ही तिन्ही पानं खोटी पडली असती. तिनं ओळखलं कारण खुणा प्रामाणिक होत्या. ज्याला शेवट कळला आहे तो वाचक निघून जात नाही. आपलं खरं होतं का आणि कसं होतं, हे बघायला तो आणखी निष्ठेनं येतो. ती मुलगी एकही मंगळवार चुकली नाही.

शेवट बदलावा तो एकाच कारणानं: पात्र वाढलं आणि जुनी चौकट आता त्याच्याबद्दल खरं बोलत नाही. तेव्हा ती चिकटवलेली चौकट काढून शेजारी नवीन काढा आणि दोन्ही मागच्या पानांशी ताडून बघा. माझ्या चौकटीत आबाजी ओट्यावर बसलेले होते. पंधराव्या पानानंतर मला कळलं की हा माणूस आता बसून राहणार नाही. नवीन चौकटीत ते ओट्यावरून उतरून रस्त्यावर, सोनीच्या चार पावलं मागं उभे आहेत. शेवट तोच, फक्त त्यांची जागा बदलली.

पायरी ९: हंगाम बघून सुरुवात करा, पानं शिलकीत ठेवा

मला शेवट पोळ्याच्या आठवड्यात हवा होता, म्हणून चोवीस आठवडे मागं मोजून मार्चच्या मध्याला पहिलं पान लावलं. मधे मे-जून येणार हे ठाऊक होतं: पीककर्जाचे कागद, शाळेचे दाखले, घरच्या कपाशीची पेरणी, डवरणी. जुलैत विम्याची रांग. म्हणून पहिलं पान लागलं तेव्हा सहा पानं तयार होती. नवख्यानं चार तरी ठेवावीत. पण सहाच्या वर जाऊ नका. दहा पानं आधीच तयार असली तर वाचक काय म्हणतात ते ऐकून काही बदलायला जागाच राहत नाही आणि किसनबुवासारखा माणूस भेटला तरी त्याला कथेत घेता येत नाही.

सामानाबद्दल थोडंसं. साधा ए-फोर कागद, फिकी पेन्सिल, काळं जेल पेन. मोबाइलवर पाठवायचं असेल तर एका ओळीत दोनच चौकटी ठेवा, नाहीतर फुग्यातली अक्षरं वाचता येत नाहीत. फोटो सकाळच्या उजेडात, पण सावलीत काढा.

पायरी १०: शेवट एका माणसाला सांगून ठेवा

हर्जे १९८३ मध्ये वारले तेव्हा त्यांची शेवटची टिनटिन कथा कच्च्या रेखाटनांत अर्धवट राहिली. बंदुकीच्या धाकानं नायकाला नेत आहेत, तिथं ती थांबते. 'बर्सर्क' या जपानी चित्रमालिकेचे केन्तारो मिउरा २०२१ मध्ये अचानक गेले. त्यांची मालिका तीन दशकांहून जुनी. पण त्यांनी फार वर्षांपूर्वी आपले मित्र कोउजी मोरी यांना कथा शेवटपर्यंत सांगून ठेवली होती. २०२२ मध्ये मोरी यांनी मिउरांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, मित्रानं जे सांगितलं तेवढंच पुढं न्यायचं या निश्चयानं मालिका पुन्हा सुरू केली.

आपली मालिका भिंतीवरची, पण सांगून ठेवण्याचा एक फायदा रोजचा आहे. तोंडानं सांगताना शेवट लटका असेल तर आपल्यालाच ऐकू येतं. मी माझ्या नणंदेला सांगितला, निंदण करता करता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मंग लाल्याचं काय?" जोडीतला एक गेल्यावर उरलेल्या बैलाचं काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. बाविसावं पान पूर्ण लाल्याचं आहे, एकट्याचं, पोळ्याहून परत येताना.

शेवटचं पान

त्यावर सहा चौकटी कोंबू नका. दोन पुरेत, किंवा एकच मोठी. 'क्रमशः'ची जागा रिकामी सोडा. मी 'समाप्त' लिहिलं नाही, त्या कोपऱ्यात फक्त लाकडी बैलाच्या चाकाची रेघ आली. पान एकाऐवजी दोन बाजार ठेवा, कारण पोळ्याच्या आठवड्यात बरीच माणसं गावाला येत नाहीत.

आणि सुरुवातीपासूनची सगळी पानं एका फायलीत लावून काउंटरवर ठेवा. शेवटाच्या मंगळवारी शिंपीकाका आले. पान वाचलं, आत येऊन फाइल मागितली, चष्मा पुसला आणि थेट दुसरं पान काढलं. खांदेमळणीचं. कवड्याजवळच्या बिनफुग्याच्या चौकटीवर बोट ठेवून ते उभे राहिले. त्यांच्यामागं रांगेतल्या एकानं विचारलं, काय आहे काका, तर त्यांनी फाइल त्याच्याकडं वळवली. संध्याकाळपर्यंत त्या पानाचा खालचा कोपरा इतका मळला की दुसऱ्या दिवशी मला त्याची नवीन झेरॉक्स काढून लावावी लागली.